"तुला काय कळतं?" : बालपणीचे संस्कार आणि मोठेपणीची विचारसरणी



आपल्या कोणत्याही वस्तीतल्या विहारात एक दृश्य हटकून दिसते. पंचवीस-तीस माणसे बसलेली असतात. प्रवचन संपते. वक्ता विचारतो, "कुणाला काही शंका?" सगळे एकमेकांकडे पाहतात. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थाच्या मनात प्रश्न असतो. तो चाळिशीचा आहे, शिकलेला आहे, कचेरीत नोकरीला आहे. त्याचा हात अर्धा वर जातो आणि केस सारखे केल्याचे निमित्त करून खाली येतो. घरी जाताना तो मनाशी म्हणतो, "बरे झाले विचारले नाही. लोक हसले असते."

हा हात कोणी खाली ओढला? सभेत तर कोणीच ओढला नाही. तो हात तीस-पस्तीस वर्षांपूर्वी, त्याच्याच घरात, चुलीपाशी किंवा ओसरीवर ओढला गेला. लहानपणी त्याने "असे का?" म्हणून विचारले आणि उत्तर मिळाले, "गप्प बस. तुला काय कळतं?" हे उत्तर एकदा मिळाले असते तर विसरला असता. ते रोज मिळाले. हळूहळू ते वाक्य बापाच्या तोंडातून निघून मुलाच्या मनात राहायला आले. आता बाप हयात नाही, पण वाक्य हयात आहे.

आजच्या पाठाचा विषय हाच आहे. आईबाप मुलाशी ज्या स्वरात बोलतात, तो स्वर मोठेपणी त्याच्या स्वतःच्या विचाराचा स्वर होतो. आपण दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या. हे सर्व योग्यच झाले. परंतु घरातला स्वर जर जुनाच राहिला, तर त्या घरात वाढणाऱ्या मुलाचे मन जुनेच राहील. म्हणून या विषयाचा विचार धम्माच्या दृष्टीने करणे अगत्याचे आहे.

१. विचारांची पायवाट कशी पडते?

शेतातून रोज एकाच बाजूने माणसे गेली की पायवाट पडते. मग नवा माणूसही विचार न करता त्याच वाटेने जातो. मनाचे तसेच आहे. मूल जन्मतः स्वतःला थोर समजत नाही आणि हीनही समजत नाही. "मी कोण? लोक भले की बुरे? मी रडलो तर कोणी येईल का?" या प्रश्नांची उत्तरे ते पुस्तकातून घेत नाही. भोवतालच्या माणसांच्या वागण्यातून घेते.

या गोष्टीचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ केला आहे. इंग्लंडचे डॉ. जॉन बोल्बी यांनी असे मांडले की, सांभाळणाऱ्या माणसाच्या वागण्यावरून मूल आपल्या मनात जगाचा एक नकाशा तयार करते आणि पुढे त्याच नकाशावर भिस्त ठेवून चालते. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये आफ्रिकेतील युगांडा देशात, खेड्यांतील आया आणि त्यांची तान्ही मुले यांचे घरोघरी जाऊन निरीक्षण केले. पुढे अमेरिकेतही त्यांनी असाच अभ्यास केला. आपल्याकडे म्हणतात, "रडू द्या, उचलले की सोकावते." परंतु १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उलटच दिसले. ज्या तान्ह्यांच्या रडण्याला आयांनी लवकर ओ दिली, ती मुले वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती. ज्याला आधाराची खात्री असते, ते मूल आधार सोडून दूर रांगत जाण्याचे धाडस करते.

अमेरिकेतीलच डॉ. ॲरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात खिन्नतेने ग्रासलेल्या रुग्णांवर उपचार करताना एक गोष्ट टिपली. या माणसांच्या मनात काही ठराविक वाक्ये आपोआप उमटत असतात : "मी निरुपयोगी आहे", "माझ्या हातून काही व्हायचे नाही". वाक्य इतक्या झटकन येऊन जाते की तो आपला एक विचार आहे, हेही माणसाच्या ध्यानात येत नाही. त्याला ते सत्यच वाटते. या वाक्यांच्या तळाशी असलेल्या समजुती बहुधा बालपणात रुजतात, असे बेक यांचे प्रतिपादन होते.

तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत सांगितला. हे असेल तर ते होते. हे नसेल तर ते होत नाही. मनुष्याच्या स्वभावालाही कारणे असतात. "हा जन्मतःच भित्रा", "हिच्या कपाळीच तसे लिहिले आहे" ही भाषा कारण शोधण्याचे टाळते. पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दैन्य समजावून सांगणारा विचार पू. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला, तो याचसाठी. जे कारणाने घडते, ते कारण बदलल्यास बदलते. यात आईबापांची जबाबदारी आहे आणि मोठ्या झालेल्या मुलांची आशाही आहे.

२. घरातून लागणाऱ्या चार विचारसवयी

पहिली सवय : "मी कमी आहे." ज्या मुलाला सतत "बैल", "दगड", "काही कामाचा नाही" अशी विशेषणे मिळतात, ते मूल तीच विशेषणे स्वतःला लावू लागते. मोठेपणी त्याची कोणी स्तुती केली तर त्याला ती खोटी वाटते आणि निंदा मात्र खरी वाटते.

दुसरी सवय : "चूक झाली की लपवा." कपबशी फुटली की आधी मार आणि मग विचारपूस, असे ज्या घरात चालते, तेथे मूल काळजीपूर्वक कप धरायला शिकत नाही, तुकडे लपवायला शिकते. पुढे हाच माणूस संस्थेचा हिशेब चुकला तर कबूल करत नाही, मंडळात वाद घालतो आणि चूक दुसऱ्यावर ढकलतो. आपल्या कितीतरी मंडळांची फाटाफूट या लहानपणीच्या कपबशीपासून सुरू झालेली असते.

तिसरी सवय : "मोठा सांगेल तेच खरे." ज्या मुलाला "का?" विचारण्याची बंदी आहे, ते मोठेपणी विचार करण्याचे काम दुसऱ्यावर सोपवते. अशा माणसाने धर्म बदलला तरी त्याच्या मनाची बैठक बदलत नाही. काल तो अंगात आलेल्या भगताला भीत होता. आज तो व्यासपीठावरच्या पुढाऱ्याला भितो. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले की केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे एवढ्यावरून एखादी गोष्ट मानू नका. ती अकुशल आहे की कुशल, हे स्वतः जाणून घ्या. हा उपदेश आपण विहारात ऐकतो आणि घरी येऊन मुलाला म्हणतो, "उलटून बोलू नको!" मग मुलाने कोणाचे ऐकावे?

चौथी सवय : "सगळे किंवा काहीच नाही." पहिला नंबर आला तर डोक्यावर घ्यायचे, चौथा आला तर दोन दिवस बोलायचे नाही, अशा घरात मूल मधली पायरी विसरते. पुढे एका परीक्षेत अपयश आले की त्याला सारे आयुष्य फुकट गेल्यासारखे वाटते. मध्यम मार्ग हा केवळ भिक्खूंसाठी नाही. तो प्रगतिपुस्तकावर सही करणाऱ्या बापासाठीही आहे.

३. सुभेदारांच्या घरातला एक प्रश्न

आता एका खऱ्या घराकडे पाहू. ते घर सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे. रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. कबीरपंथी, धार्मिक आणि शिस्तीला अत्यंत कडक. भीमरावांची आई भीमाबाई लवकर वारली आणि आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. साताऱ्याच्या शाळेत या मुलाला बसायला घरून तरटाचा तुकडा न्यावा लागे आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. शिपाई नसला तर पाणी नाही.

अशा वेळी मुलाच्या मनात दोनपैकी एक निष्कर्ष निघू शकतो. "मी अपवित्र आहे" हा एक, आणि "हा नियम अन्यायाचा आहे" हा दुसरा. अनुभव एकच असतो, पण एका निष्कर्षातून गुलाम घडतो आणि दुसऱ्यातून मुक्तिदाता. मूल कोणता निष्कर्ष काढील हे पुष्कळ अंशी त्याच्या घरावर अवलंबून असते.

पू. बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्या धम्मग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत एक आठवण दिली आहे. रामजी आपल्या मुलांकडून रोज रात्री घरात जमलेल्या माणसांपुढे महाभारत-रामायणाचे वाचन करवून घेत. एके दिवशी भीमरावांनी विचारले, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची मानहानी आहे, ते आम्ही का वाचावेत? वडिलांना प्रश्न आवडला नाही. असले खुळे प्रश्न विचारू नका, तुम्ही मुले आहात, सांगितले तसे करा, अशा अर्थाचे उत्तर मिळाले.

म्हणजे "तुला काय कळतं?" हे वाक्य त्याही घरात उच्चारले गेले! परंतु गोष्ट तेथे संपली नाही. काही काळाने मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी वडील उत्तराची तयारी करून बसले होते. त्यांनी सांगितले की आपण अस्पृश्य आहोत, त्यामुळे तुमच्या मनात न्यूनगंड निर्माण होण्याचा संभव आहे. द्रोण, कर्ण, वाल्मीकी ही लहान समजली गेलेली माणसे किती उंचीवर पोहोचली हे पाहून तो जावा, म्हणून मी हे वाचायला सांगतो. मुलाला या म्हणण्यात काही तथ्य दिसले, पण समाधान झाले नाही. त्या ग्रंथांतील थोर म्हणवली जाणारी पात्रे आपल्याला का पटत नाहीत, ते त्याने कारणे देऊन वडिलांना सांगितले. वडील गप्प राहिले. मुलगा बंड करून उठला आहे, हे त्यांनी ओळखले.

या प्रसंगात आपल्यासाठी तीन गोष्टी आहेत. पहिली, आपल्या मुलाच्या मनात न्यूनगंड शिरेल ही भीती त्या बापाने ओळखली होती आणि त्यावर तो उपाय शोधत होता. उपाय मुलाला पटला नाही, पण बापाची चिंता मुलाला कळली. दुसरी, बापाने एकदा प्रश्न झिडकारला, तरी मनात ठेवला, त्यावर विचार केला आणि उत्तर दिले. तिसरी आणि सर्वांत मोठी, मुलाने उत्तर मोडून काढले तेव्हा बापाने हात उगारला नाही. सैन्यातला कडक माणूस पोराच्या युक्तिवादापुढे गप्प बसला. त्या गप्प बसण्याने मुलाला जे शिकवले, ते शंभर प्रवचनांनी शिकवले नसते. मोठ्या माणसापुढे सत्य बोलता येते आणि बोलूनही घरात जागा राहते, हे त्याला कळले. केळुसकर गुरुजींनी भेट दिलेले बुद्धचरित्र त्या मुलाने वाचले, ते अशा विचारत्या मनाने वाचले.

रामजींच्या प्रेमाची दुसरी खूण प्रसिद्धच आहे. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत उशाशी जाते, पायाशी शेळी, अशा जागेत मुलगा लवकर झोपे. वडील रात्री दोन वाजेपर्यंत जागत आणि त्याला उठवून अभ्यासाला बसवून मग स्वतः आडवे होत. पुस्तकासाठी पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलीकडे जाऊन तिचा दागिना मागून आणत, तो गहाण टाकून पुस्तक घेत आणि पेन्शन आल्यावर सोडवून देत. "तू शीक, तुझी किंमत आहे" हे वाक्य त्यांनी तोंडाने किती वेळा उच्चारले असेल कोण जाणे. पण जागरणाने आणि गहाण टाकलेल्या दागिन्याने ते रोज उच्चारले.

कडक शिस्त आणि निष्ठुरपणा यांत फरक आहे. डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ महिलेने १९६० नंतरच्या दशकात पालकांचा अभ्यास करून हाच फरक मांडला. केवळ हुकूम सोडणारे पालक आणि सारेच मोकळे सोडणारे पालक, या दोघांपेक्षा नियम ठाम ठेवून त्यामागचे कारण सांगणाऱ्या व मुलाचे ऐकून घेणाऱ्या पालकांची मुले अधिक स्वावलंबी आढळली.

४. राहुलाला दिलेला आरसा

मज्झिम निकायात अंबलट्ठिका राहुलोवाद सुत्त आहे. परंपरा सांगते की त्या वेळी राहुल सात वर्षांचा होता. खोटे बोलण्याविषयी त्याला समजवायचे होते. तथागतांनी त्याला मारले नाही, भुताची भीती घातली नाही, नरकाचे चित्र उभे केले नाही. पाय धुण्याच्या भांड्यात थोडे पाणी उरले होते, ते दाखवून त्यांनी विचारले, हे थोडेसे पाणी दिसते का? जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण इतकेच थोडे उरते. मग ते पाणी ओतून दिले आणि भांडे उपडे केले.

पुढे त्यांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तसेच काया, वाचा आणि मन यांचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे. याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना दुःख होईल का? चूक झाली असेल तर जाणत्या माणसाजवळ सांगावी आणि पुढे जपावे. चांगले झाले असेल तर आनंदाने राहावे.

येथे बापाने मुलाच्या मनात पहारेकरी बसवला नाही, आरसा ठेवला. पहारेकरी झोपला की चोरी होते. आरसा ज्याचा त्याच्याजवळ असतो.

५. मग आईबापांना दोष द्यायचा का?

नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी मुलांना "मान वर करू नको, मोठ्या लोकांपुढे बोलू नको" असे शिकवले, ते मायेपोटी शिकवले. मान वर करणाऱ्या पोराचे काय होते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्या काळी ती शिकवण ढाल होती. परंतु लढाईचा डाव बदलल्यावर तीच ढाल हाताला जखडून राहिली, तर तिची बेडी होते. आजही अन्याय संपलेला नाही. मुलांना सावध राहायला शिकवलेच पाहिजे. फक्त "जग अजून अन्यायी आहे" हे शिकवताना "तू हलका आहेस" हे शिकवू नये.

ज्यांचे बालपण कठीण गेले त्यांनीही निराश होऊ नये. हवाई बेटांपैकी कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणे, आईबापांचे आजार अशा अनेक संकटांत सापडलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, मायाळू माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा मायेने धरून ठेवणारे निदान एक माणूस होते; कधी आजी, कधी मावशी, कधी शिक्षक. शेजारच्या एखाद्या मुलासाठी ते एक माणूस आपण होऊ शकतो.

६. घरात आजपासून काय करावे?

(१) कृतीला चूक म्हणा, मुलाला नाही. "तू खोटारडा आहेस" म्हणण्यापेक्षा "हे तू खरे सांगितले नाहीस" म्हणा. पहिल्या वाक्यातून सुटायला वाट नसते, दुसऱ्यातून असते.

(२) प्रश्नाला उत्तर द्या. माहीत नसेल तर "मला ठाऊक नाही, आपण विचारू" म्हणा. शाळेत न गेलेली आईही हे म्हणू शकते. असे म्हणणारी आई मुलाला प्रामाणिक विचार शिकवते.

(३) बागुलबुवा, भूत, नजर, पोलीस यांची भीती घालू नका. भीतीने जेवलेला घास पोटात जातो, पण भीती डोक्यात राहते.

(४) मुलगा आणि मुलगी यांना एकच माप लावा. भावाचा प्रश्न "हुशारी" आणि बहिणीचा प्रश्न "आगाऊपणा" ठरत असेल, तर त्या घरात समता अजून पोहोचलेली नाही.

(५) आपले चुकले तर मुलापाशी कबूल करा. तान्ह्या मुलांचा अभ्यास करणारे एड ट्रॉनिक सांगतात की आई आणि मूल यांचा सूर वरचेवर चुकतच असतो. महत्त्व असते ते तो पुन्हा जुळवण्याला. रामजींनी झिडकारलेल्या प्रश्नाचे उत्तर नंतर दिले, हेच ते जुळवणे.

आणि मोठ्यांनी स्वतःसाठीही एक अभ्यास करावा. मन खचले की थांबून पाहावे, आता मनात नेमके कोणते वाक्य आले? ते वहीत लिहावे. हे वाक्य पहिल्यांदा कोणाकडून ऐकले, ते खरे आहे याला पुरावा काय, हे तपासावे. आरशातली ही धूळ एका दिवसात जात नाही. पण रोज पुसली तर जाते.

येत्या रविवारी विहारात प्रवचन संपेल आणि वक्ता विचारील, "कुणाला काही शंका?" त्या वेळी तुमच्या शेजारी बसलेल्या लहान मुलीने हात वर केला, तर तो खाली ओढू नका. तिचा प्रश्न होऊ द्या. मग तुमचाही विचारा.

चिंतनासाठी प्रश्न

१. लहानपणी वारंवार ऐकलेले कोणते वाक्य आज तुम्ही स्वतःलाच ऐकवता?

२. सुभेदार रामजींच्या दोन उत्तरांत कोणता फरक आहे? दुसरे उत्तर मुलाला पूर्ण पटले नाही, तरी त्याचे महत्त्व का?

३. पहारेकरी आणि आरसा यांतला फरक आपल्या घरातील एका उदाहरणाने सांगा.

४. या पंधरवड्यात मुलाच्या कोणत्या प्रश्नाला तुम्ही "गप्प बस" म्हणालात? त्याचे उत्तर आज द्या.

जयभीम. नमो बुद्धाय.